मी पाप लावून सोडलेलं बोकड

माझा शमू अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात मशीनवर पडून होता, आणि त्याला तिथवर मी पोचवलं होतं. गाडीनं नव्हे, जिभेनं. त्या दिवशी सकाळी तो दारात पंप ठेवून बसला होता आणि म्हणाला होता, "माय, डोकं जड होऊन राह्यलं. फवारा उद्या मारतो." कपाशी त्याच्या डोक्याइतकी वाढलेली, हवा कोंडलेली, आणि सलग तिसऱ्या दिवशी तो त्या विषारी वासात जाणार होता. आई असलेल्या बाईनं काय म्हणावं? बस बाबा, आज राहू दे, एवढंच. मी म्हटलं, "डोकं कामानं नाई दुखत, मोबाइलनं दुखते. उद्या पाणी आलं तं अळी तुया मोबाइल नाई खात, कपाशी खाईन." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसले. तोही हसला, तोंडाला फडकं बांधलं आणि गेला. दुपारी त्याला चौघांनी उचलून आणलं. तोंडाला फेस होता आणि डोळ्यातल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

आता माझी सत्तरी जवळ आली. दात बरेच गेले, जीभ मात्र शाबूत आहे, आणि नात म्हणते की आजी, देवानं उलटं करायला पाहिजे होतं. तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली, ठणठणीत बाई होते. त्या बाईची मला आज कीव येते आणि हसूही येतं. चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसायची, गाणं सगळ्यांच्या आधी सुरू करायची आणि सगळ्यांच्या नंतर संपवायची. देवाशी आपला घरोबा आहे, मागच्या दारानं गेलं तरी चालतं, असं तिला वाटायचं. तिनं संकट असं पाहिलंच नव्हतं. संकट आलं तेव्हा तिनं काय केलं, ते सांगायला मी बसले आहे. सांगताना मी तिला फार सांभाळून घेणार नाही.

मंगरूळपीरच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि लगेच अकोल्याला हलवा म्हणाले. आमचे हे त्याच्यासोबत गेले. आत एकालाच थांबू देत होते, आणि घरी म्हैस होती, शेळ्या होत्या, म्हणून मी मागं राहिले. खरं कारण वेगळं होतं. त्या पोराच्या तोंडाकडं पाहण्याची माझी हिंमत नव्हती. दिवसातून एकदा यांचा फोन यायचा. "तसाच हाय," एवढंच बोलायचे आणि ठेवून द्यायचे. मी का पाठवलं, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडले असते आणि भांडणात थोडा वेळ बरा गेला असता. गावातले लोक दारात येऊन बसायचे, हवेचं सांगायचे, कंपनीला शिव्या द्यायचे, औषधच जालीम निघालं म्हणायचे. माझं नाव कोणी घेत नव्हतं. मी एकटीच घेत होते.

माझी थोरली जाऊ शेजारच्याच दारात राहते. भिंत एक, चुली दोन. लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही नवरा-बायकोनं बाप्तिस्मा घेतला, ती आणि दीर आपल्या देवाजवळच राहिले. त्यावरून आमच्यात कधी वाजलं नाही. वाजायला दुसरी कारणं पुष्कळ होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती भाकर घेऊन आली आणि उंबऱ्यात बसली.

"एक सांगू का वं? राग नको मानू. पीरबाबाच्या दर्ग्यावर कंदुरी बोल. बोकड तं घरचंच हाय."

"आमच्यात नाई चालत बाई ते."

"पोट्टं चाललं, अन् तुमच्यात चालते का नाई ते पाह्यत बसतं?"

कंदुरी मला नवी नव्हती. आमच्या भागात सगळ्या जातिधर्मांची माणसं नवस बोलतात, दर्ग्यावर बोकड देतात, तिथंच रांधतात आणि येईल त्याला वाढतात. माहेरी माझ्या धाकट्या भावाच्या आजारपणात वडिलांनी कंदुरी केली होती. ते जेवण, ती माणसांची पंगत मला अजून आठवते. पोराच्या जिवाबदली जनावराचा जीव, हे गणित माझ्या हाडात लहानपणीच शिरलं होतं. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं ते धुतलं गेलं असं मी समजत होते. पाणी वरवरच लागलं होतं.

जाऊ गेली आणि मी आमचं शास्त्र, बायबल, उघडलं. मन शांत करायला नव्हे, वाट शोधायला. मोशेच्या काळच्या विधींत प्रायश्चित्ताच्या दिवसाचं वर्णन आहे. दोन बकरे आणायचे. एकाचा बळी द्यायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर याजकानं, म्हणजे पुजाऱ्यानं, दोन्ही हात ठेवायचे, लोकांची सगळी पापं त्याच्यावर कबूल करायची आणि त्याला रानात सोडून द्यायचं. तो ती पापं ओसाड जागी वाहून नेतो. हे मी पूर्वी कितीदा ऐकलं होतं, पण त्या दिवशी वाचलं आणि पन्नाशीतल्या त्या शहाण्या बाईचे डोळे चमकले. कंदुरी केली तर चर्चच्या मंडळीत नाक कापलं जाईल. पण शास्त्रातलंच बोकड, शास्त्रातल्याच रीतीनं रानात सोडलं तर कोण काय म्हणणार? कापायचंही नाही. म्हणजे जावेचं बोकडही झालं आणि माझं शास्त्रही राहिलं. दोन्ही घरचा पाहुणचार. याजक कुठून आणायचा हा प्रश्न मला पडलाच नाही. मी होते ना.

याच्या आधीचे काही आठवडे आमच्या चर्चच्या पाळकीणबाई स्त्रियांच्या सभेत संदेष्ट्यांचे ग्रंथ शिकवत होत्या. येणारा मसीहा, देवानं पाठवलेला तारणारा, कसा असेल, हे त्यांनी शेकडो वर्षं आधी कसं सांगून ठेवलं, असा विषय होता. मला वाटायचं, संदेष्टा म्हणजे आपल्याकडचा जोशी, पुढचं सांगणारा. एकदा मी भर सभेत विचारलं होतं, "बाई, याच्यात औंदाच्या पावसाचं काई लिवलं हाय का?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या आणि मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं. पाळकीणबाईही हसल्या. मग म्हणाल्या, "काकू, संदेष्टा पंचांग वाचत नाही. तो चेहरा सांगून ठेवतो, म्हणजे तो आला की आपण ओळखावं." आणि त्यांनी संदेष्ट्याच्या ग्रंथातला, देवाच्या दुःख सोसणाऱ्या सेवकाचा भाग वाचला. रूप नाही, डौल नाही, लोकांनी तोंड फिरवलेला माणूस. आपल्या अपराधांसाठी घायाळ झालेला, कापायला नेताना कोकरू गप्प असावं तसा गप्प. मी तेव्हा खिडकीतून बाहेर पाहत होते. मला राजाचं वर्णन हवं होतं. हे तर आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या कोणाचंही वर्णन वाटत होतं.

तर मी बोकड सोडलं. शमूनंच वाढवलेलं, काळं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं. दुपारी गाव झोपलेलं असताना त्याला दोरीनं ओढत नाल्यापलीकडं नेलं. तिथं माळ आहे, पळसाची आणि रायमुनियाची झुडपं आहेत, पुढं जंगल लागतं. आभाळ भरून आलेलं, पाऊस पडत नव्हता. मी त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. त्याला वाटलं खाजवते आहे, त्यानं मान वर केली. मी पापं सांगायला लागले. आधी लहान लहान. जावेला टोचून बोलले. दुधात पाणी घातलं. पाळकीणबाईच्या गाण्याची नक्कल केली. बोकडानं माझ्या पदराचा कोपरा तोंडात धरला आणि चघळायला लागलं. खरं पाप काही केल्या ओठावर येत नव्हतं. तोंड उघडायचं आणि मिटायचं. शेवटी म्हटलं, "म्या त्याले पाठोलं. त्याचं डोकं दुखत होतं अन् म्या हासत पाठोलं." आणि मग मी तिथं खाली बसले. किती वेळ बसले माहीत नाही. बोकड शेजारी चरत होतं. माझी पापं डोक्यावर घेऊन ते अगदी मजेत चरत होतं.

त्याला घालवायला मात्र त्रास झाला. शास्त्रात लिहिलेलं बकरं रानात जातं, माझं जाईना. चार पावलं जायचं आणि माझ्याकडं वळून बघायचं. शेवटी मी ढेकळं मारली. एक नाकावर बसलं तेव्हा ते ओरडलं आणि झुडपात शिरलं. मी मागं न पाहता घरी आले. खोटं सांगत नाही, घरी येताना मला हलकं वाटत होतं. म्हशीपुढं वैरण टाकली, चहा केला, आणि बऱ्याच दिवसांनी त्यात साखर घातली. आता यांचा फोन येईल आणि शमू डोळे उघडेल, अशी मला खात्री होती. मी माझ्याकडून सगळं केलं होतं.

फोन आला. "तसाच हाय," हे म्हणाले.

दिवस मावळायला आला आणि बारीक पाऊस सुरू झाला. मी ओट्यावर बसले होते. वाटेनं एक माणूस येताना दिसला. मेंढपाळ असावा. घोंगडी डोक्यावर घेतलेली, वय माझ्याएवढं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. त्याच्या खांद्यावर काहीतरी काळं होतं. जवळ आला तेव्हा पाहिलं. माझं बोकड होतं. त्याची मागची एक तंगडी लोंबत होती. माणसाच्या कोपरापासून खाली सदरा फाटला होता आणि पावसाच्या पाण्यात मिसळून रक्त बोटांवरून गळत होतं.

"शमूच्या मायचं घर हेच का?" त्यानं विचारलं. "गावात इचारलं तं लोकायनं कपाळावरचा ठिपका पाहून सांगतलं."

बोकड त्यानं ओट्यावर हळू उतरवलं. आवाज ऐकून जाऊ बाहेर आली. तिनं माणसाचा हात पाहिला, बोकडाची तंगडी पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला.

"काय झालं वो दादा?"

"कुत्र्यायनं घेरलं होतं माळावर. तीन-चार होते. म्या काठी मारली, पण एकानं सोडलंच नाई. मंग हात घातला मंधात."

"बोकडासाठी आपला हात घातला? येडे आहात का तुमी?"

"जनावर ओरडून राह्यलं होतं बाई. मंग काय करू?"

एवढंच. जाऊ पाणी आणायला धावली आणि मी तशीच उभी. मी त्याचा हात धुतला. साबण लावला तेव्हा दात किती आत गेले होते ते दिसलं. त्यानं तोंड वाकडं केलं पण हूं की चूं केलं नाही. मी धूत होते आणि रक्त येत होतं. मी ते पाहत होते. हे रक्त माझं होतं. माझ्या शहाणपणानं निघालेलं. मी पाप जनावराला लावलं, जनावर कुत्र्यांच्या तोंडी दिलं, आणि ज्याला मी ओळखत नव्हते, ज्याचा यात काडीचा संबंध नव्हता, तो माणूस ते सगळं खांद्यावर घालून माझ्या दारात उभा होता.

"हे तिकडं गेलं कसं वं?" जावेनं विचारलं. "दावं तं तुया हातानं बांधते तू."

मी सांगितलं. दोघांसमोर, जसं झालं तसं. जाऊ आधी हसली. मग तिचं हसू गेलं.

"पन त्या मुक्या जीवानं काय केलं होतं?"

"कंदुरीच्या बोकडानं काय केलं असतं?"

मेंढपाळ आमच्या दोघींकडं पाहत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं. फार थकवा होता. दिरांनी मोटरसायकल काढली आणि त्याला सुया टोचून घ्यायला मंगरूळपीरला नेलं. तो मागं बसला, घोंगडी सावरली आणि जाताना म्हणाला, "त्याच्या तंगडीले कामट्या बांधून घ्या. जुडून येते." परत आल्यावर दिरांनी सांगितलं की सुया झाल्या आणि तो तिथूनच आपल्या कळपाकडं निघून गेला. पुढच्या सुयांना ये म्हणून त्यांनी त्याला पुन्हा पुन्हा बजावलं. त्याचं नाव आमच्यापैकी कोणीच विचारलं नाही. नंतर मी माळावर दोन-तीनदा गेले. कळप पुढं सरकला होता. तो बरा राहिला की नाही, हे मला आजही माहीत नाही, आणि हे न माहीत असणं सोपं नाही.

मी हे चमत्कार म्हणून सांगत नाही. माळावर कुत्री असतात, मेंढपाळ असतात, पाळीव जनावर ओरडलं की कोणीतरी धावतं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही आणि पहाटे, अंधार फिटत असताना, पाळकीणबाईंनी वाचलेला तो भाग माझ्यापुढं येऊन उभा राहिला. खिडकीतून बाहेर पाहताना ऐकलेला, तरी शब्द न शब्द आत गेलेला. रूप नाही, डौल नाही. दुसऱ्याच्या अपराधासाठी घायाळ. तोंड उघडलं नाही. संदेष्टा चेहरा सांगून ठेवतो, म्हणजे तो आला की ओळखावं. लोक पिढ्यान् पिढ्या राजाची वाट पाहत होते आणि त्यांच्यापुढं मार खाल्लेला माणूस आणून उभा केला गेला; त्यांनी ओळखलं नाही म्हणून मी कितीदा त्यांना नावं ठेवली होती. मी तरी कोणाची वाट पाहत होते? फोनची. मोठ्या डॉक्टरची. आणि माझ्या ओट्यावर चिखलानं भरलेला एक माणूस रक्त गाळत उभा राहिला तेव्हा मला एवढं मात्र कळलं, की हा चेहरा मी आधी ऐकला आहे. तो मेंढपाळ ख्रिस्त होता असं मी म्हणत नाही. तो मेंढपाळच होता. पण त्याच्याकडं पाहून मला ख्रिस्त कळला, आणि तोवर तीसेक वर्षं मी त्याच्या नावानं पहिल्या रांगेत बसत होते.

बोकड का पुरत नाही, हे मला तेव्हा समजलं. दरवर्षी नवा बकरा आणावा लागायचा, कारण जुना पाप नेऊन टाकतच नव्हता. आणि त्याला कोणी विचारलं नव्हतं. माझ्या बोकडाला मी ढेकळं मारून घालवलं होतं. वधस्तंभावर जो गेला त्याला कोणी ढेकळं मारून घालवलं नव्हतं. तो आपणहून कुत्र्यांच्या मधे हात घालायला आला. देवाला कोणाचा तरी जीव हवाच होता, म्हणून त्यानं एक पकडला, असं मी समजत आले होते. मनातल्या मनात मी देवाला पीरबाबाच्या दर्ग्यावरच्या सुरीपेक्षाही धारदार करून ठेवलं होतं. मार देणारा देव मला पाठ होता. मार झेलणारा देव मला ठाऊकच नव्हता.

दुसऱ्या दिवशी म्हैस जावेच्या हवाली करून मी एसटीनं अकोल्याला गेले. मशीन काढली होती, पण शमू अजून अर्धवट गुंगीत होता. हातापायांना कंप होता. डोळे उघडे होते आणि ते कुठं पाहत होते कळत नव्हतं. हे मला पाहून उठले आणि चहा प्यायला जातो म्हणून बाहेर गेले. त्यांना चहा नको होता. मी पोराजवळ बसले. वाटेत ठरवलेलं सगळं विसरले. फक्त म्हटलं, "शमू, म्या पाठोलं तुले."

मला वाटलं, तो म्हणेल नाही माय, तुयी काय चूक. सगळे तेच म्हणत होते. त्यानं ओठ ओले केले.

"हाव," तो म्हणाला. "तूनंच पाठोलं. म्या सांगतलं होतं डोकं दुखते म्हनून."

त्याचा हात चादरीवर थरथरत होता. तो त्यानं कसाबसा उचलला, पण माझ्यापर्यंत पोचला नाही, मधेच पडला. मी तो धरला.

"आता ते माह्याजवळ राहू दे," तो म्हणाला. "तू नको घेऊन फिरू."

एवढं बोलून त्याला दम लागला. मी त्याच्या तोंडाला पाणी लावलं. बाजूच्या खाटेवर असंच फवाऱ्यातून आणलेलं दुसरं पोर होतं, त्याची आई उशाशी बसून मुकाट रडत होती. त्याचं काय झालं ते मी सांगत बसत नाही. माझा वाचला आणि तिचा नाही, याचं उत्तर माझ्याजवळ नाही, आणि ते आपल्याजवळ आहे असं जो म्हणेल त्याच्या सभेला मी बसणार नाही.

शमू घरी आला, पण गेला होता तसा आला नाही. उजवा हात थरथरतो तो थरथरतोच. एका डोळ्यानं धूसर दिसतं. शेत बटाईनं दिलं आहे. शेजारच्या वावरात फवारणी सुरू झाली की तो दार लावून आत बसतो आणि दिवसभर कोणाशी बोलत नाही. त्याचं लग्न झालं, पोरगी झाली, घरात हसणं आहे. तरी त्या दिवसांत घर पुन्हा तसंच काळं पडतं. मी दाराबाहेर बसते. पूर्वीची मी असते तर आत जाऊन दहादा माफी मागितली असती, उपास धरले असते, स्वतःलाच बळी द्यायला निघाले असते. ती बाई कोकरू व्हायला निघाली होती, आणि होती आमच्या म्हशीएवढी हट्टी.

आता मी फक्त बसते. उचलणं मला जमत होतं, सोपंच होतं ते, कारण उचलणारी मी होते. दुसऱ्यानं उचललेलं पाहत बसणं फार कठीण आहे. माझ्या बोलण्याची खूण माझ्या लेकाच्या हातात आहे, रोज जेवताना दिसते. त्यानं ती माझ्या अंगावर कधी फेकली नाही. त्याला हे बळ कुठून येतं, ते त्याला विचारलं तर तो म्हणतो, माय, जेवू दे. मला मात्र ठाऊक आहे. त्याच्याही आधी कोणीतरी असंच उचललं, आणि मागं वळून माझ्याकडं बोट केलं नाही.

काल संध्याकाळी त्यानं चहाचा पेला धरला आणि निम्मा चहा सदऱ्यावर सांडला. नात हसली, मग माझ्याकडं पाहून गप्प झाली. शमू तिला म्हणाला, "हास वं माय, हास. तुयी आजी अशीच हासाची." मी पदरानं त्याचा सदरा पुसला आणि मनात म्हटलं, प्रभो, तुझे उपकार. यापेक्षा जास्त काही मला म्हणता आलं नाही.